ह्यात मी बसू कुठं?
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी सांगितलं, शाळा सोडल्यावर जे काही केलंस त्यातल्या एकाच गोष्टीवर बोल. मी घरावर बोलणार आहे. लग्नानंतर बरीच वर्षं आधी एकत्र घरात आणि मग भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. त्यानंतर आम्ही हुपरीतच एक जुनं, चार खोल्यांचं घर विकत घेतलं. आमचं स्वतःचं पहिलं घर. ते दुरुस्त करताना आम्ही इंटिरिअर डिझायनर लावली, हे कळल्यावर गल्लीत बरंच हसू झालं. "पैंजण जोडणारीला डिझायनर कशाला?" असं तोंडावर विचारणारेही भेटले. त्यातले दोघे आज समोर बसलेत, त्यांनी नीट ऐकावं.

आपल्या गावाला चंदेरी नगरी म्हणतात. पण ही नगरी घराघरांतूनच चालते. आपल्यातल्या कितीतरी जणांनी दप्तर ठेवलं की आईशेजारी बसून कड्या जोडल्या आहेत. एका खोलीत डाख द्यायचं काम, दुसऱ्या खोलीत अभ्यास, पलीकडं चूल. चांदी वितळायला ९६१ अंश सेल्सिअसच्या वर उष्णता लागते. ती मूस आणि आपला स्वयंपाक यांच्यात कधी कधी एका भिंतीचंच अंतर असतं. मासिकातल्या फोटोंत अशी घरं नसतात. म्हणून मासिक दाखवून "असंच करा" म्हणणं आपल्याला परवडत नाही.

दुसरं कारण पैशाचं. पैसा मोजका असला की आखणी आधी लागते. कागदावरची भिंत खोडरबरानं पुसता येते, विटांची पाडायला गवंडी लागतो, आणि परत बांधायलाही तोच लागतो.

मॅडम कोल्हापूरच्या. वयानं आपल्यापेक्षा लहान, कामाला चोख. त्यांनी घराची मापं घेतली, माणसं किती, कपाटं किती, पाहुणे किती येतात, सगळं विचारलं. पंधरा दिवसांनी पहिला आराखडा आणला. समोरच्या खोलीत सोफा, टीव्हीची भिंत, मागं झोपायच्या खोल्या, खिडकीपाशी झोपाळा. आमचे मालक खूश, मुलं खूश. मी कागद इकडून तिकडून फिरवून बघितला आणि विचारलं, "मॅडम, ह्यात मी बसू कुठं?"

त्यांना वाटलं, सोफ्यावर. मी म्हटलं, "तसं नव्हे. दिवसाचे आठ तास मी जमिनीवर बसून काम करते. ह्या घराच्या हप्त्यात त्या कामाचा पैसा आहे. ते काम ह्या कागदावर कुठं आहे?" खोली शांत झाली. सासूबाई आतून म्हणाल्या, "बरं विचारलंस."

राग न मानता मॅडम म्हणाल्या, "ताई, मी एक दिवस तुमच्याकडं येऊन बसते." आणि त्या खरंच आल्या. भाड्याच्या खोलीत, कामाच्या दिवशी, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. मी किती वेळा उठते, माल वजन करून कुठं ठेवते, ऊन कधी कुठं येतं, सासूबाईंना पाय कुठं लांब करता येतात, सगळं वहीत टिपलं. दुसरा आराखडा आला तेव्हा झोपाळा गेला होता आणि उत्तरेकडच्या खिडकीखाली माझी जागा आली होती.

त्या जागेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ते तुमच्या उपयोगाचं आहे.

पहिली गोष्ट फरशी. मॅडमनी लाकडासारखी दिसणारी, अरुंद पट्ट्यांची फरशी सुचवली होती. दिसायला देखणी. पण आपल्याला माल वजनावर मिळतो आणि वजनावर द्यावा लागतो. जी घट येते ती मजुरीतून जाते. फरशीला जितके सांधे जास्त, तितका चांदीचा बारीक कीस त्यांत अडकणार. झारेकरी आपल्या घरातला केर पैसे देऊन का नेतो, हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या चकित झाल्या. मग मोठ्या मापाची गुळगुळीत फरशी, सांध्यांत इपॉक्सी आणि दाराशी अर्ध्या इंचाची दगडी पट्टी, असं ठरलं. आता केर त्या खोलीतच राहतो.

दुसरी गोष्ट उजेड. बाकी घरात पिवळसर दिवे आहेत. माझ्या जागेवर ४००० केल्विनचा पांढरा दिवा, डाव्या बाजूनं, म्हणजे उजव्या हाताची सावली कामावर पडत नाही. तिसरी गोष्ट हवा. डाख देताना आणि तेजाबात माल उजळताना निघणारा धूर बाहेर खेचणारा पंखा, आणि तो स्वयंपाकघराच्या खिडकीकडं तोंड करून नाही.

आता आमचं कुठं ऐकलं गेलं नाही तेही सांगते. आम्हाला मधली भिंत पाडून मोठा हॉल हवा होता. मॅडमनी साफ नकार दिला. जुन्या घरात छताचा भार भिंतीच पेलतात, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा म्हणाल्या. इंजिनिअर येऊन बघून गेले, भिंत राहिली. गॅसचं सिलिंडर बंद कपाटात ठेवायलाही त्यांनी हरकत घेतली. उलट, पीओपीचं छत आम्ही नको म्हटलं, आणि ते त्यांनी ऐकलं. तो पैसा वायरिंग बदलायला आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला गेला. डोळ्यांना दिसत नाही, पण ओल्या हातांनी काम करणाऱ्या घरात तो आधी हवा.

पैशाच्या व्यवहाराबद्दल चार गोष्टी. आर्किटेक्ट हे नाव १९७२ च्या कायद्यानं नोंदणी झालेल्यांनाच लावता येतं. इंटिरिअर डिझायनरला तशी कायद्याची नोंदणी लागत नाही. म्हणून त्यांनी केलेली दोन घरं जाऊन बघा आणि तिथल्या बाईशी बोला, ती खरं सांगते. फी कशी, ते आधी विचारा: ठोक, चौरस फुटावर, की एकूण खर्चाच्या टक्क्यांनी? टक्क्यांनी असेल तर खर्च वाढला की फीही वाढते, हे ध्यानात ठेवा. दुकानातून कमिशन मिळतं का, हेही सरळ विचारा. विचारण्यात अपमान नाही.

प्रत्येक वस्तूचं नाव, माप, नग, दर लिहिलेलं अंदाजपत्रक घ्या. "प्लायवूड" एवढंच लिहिलं असेल तर सही करू नका. आपल्याकडं पावसाळा लांबतो, दमट हवेत साधं प्लाय फुगतं. आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर प्रकार लिहून घ्या, मोरीजवळ आयएस ७१०. माल आला की शिक्का बघा. आमच्याकडं एका ठेकेदारानं दुसराच माल उतरवला होता. कागदावर लिहिलेलं होतं म्हणून अर्ध्या तासात टेंपो परत गेला, भांडण झालं नाही. पैसे टप्प्यांनी द्या, शेवटचा हप्ता सगळी दारं उघडून-मिटून बघितल्यावर. मधेच काही बदललं तर त्याचा दर त्याच दिवशी लिहून घ्या.

आणि वेळ. लग्नसराईत आपलं काम थांबवता येत नाही. आम्ही आधी मागच्या दोन खोल्या केल्या, तिथं राहायला गेलो, मग पुढच्या. महिनाभर जास्त लागला, पण एकाही दिवसाची मजुरी बुडाली नाही. हे वेळापत्रक मॅडमनी आमच्या मालाच्या तारखा विचारून बनवलं.

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या पुष्कळ जणी घरात बसून कमावता, आणि घराचा आराखडा होतो तेव्हा ते काम कुठल्याच खोलीत मांडलेलं नसतं. जिन्याखाली, गॅलरीत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ते उरल्यासुरल्या जागेत होतं. डिझायनर कितीही हुशार असली तरी आपण सांगितल्याशिवाय तिला ते दिसत नाही. सांगायला लाजू नका. मित्रांनो, तुम्ही आराखडा बघाल तेव्हा आधी बायकोला, आईला विचारा.

भूमितीच्या तासाला सर म्हणायचे, आकृती काढली की बाजूंना नावं द्या. मी घराच्या आकृतीला नावं दिली, आणि एका चौकोनात स्वतःचं लिहिलं. माझी मापांची आणि दरांची वही घरी आहे. कुणाला घर करायचं असेल त्यांनी बघायला या, चहा होईल. येताना आपला आराखडा मात्र बरोबर आणा.