सुरूच्या बनातला मुक्काम

रायगड जिल्ह्यात दिवेआगरला समुद्रकाठी सुरूचे बन आहे. अशा बनात तंबू ठोकून राहायला हल्ली पुष्कळ लोक जातात. तुमचीही मुले जातील. जाऊ द्या. पण एक हिशेब त्यांना सांगा.

चांदणे पाहायला पोरे पौर्णिमा धरतात. संध्याकाळी सहाला समुद्र लांब गेलेला असतो. वाळू सपाट, मोकळी. वाटते, इथेच तंबू ठोकावा. तिथे ठोकू नये! मध्यरात्रीच्या सुमाराला भरती येते, आणि पौर्णिमेची भरती म्हणजे उधाण. निजलेल्या माणसाला ते कळायचे नाही.

हिशेब असा. तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अमावास्येलाही पंधराच धरा. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते, बरं का. आमच्या वेळी शाळेत पाऊणकी पाठ करून घेत. आता घेत नाहीत, हे काही मला पटत नाही.

भरतीने टाकलेल्या काटक्यांची ओळ वाळूवर दिसते. अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत पाणी रोज थोडे वर चढते, तेव्हा कालच्या ओळीवर विसंबू नये. तंबू बनातच ठोकावा. चूल मात्र बनाबाहेर, उघड्या वाळूवर मांडावी. सुरूचा वाळका पाला लगेच पेट घेतो.