नोंदवहीतील चार पिढ्या



वंशावळ राजेरजवाड्यांचीच असते, अशी आपली समजूत आहे. पण सामान्य माणसाचीही वंशावळ निघते. ती सरकारी दप्तरात शोधावी लागते. माझाच अनुभव सांगतो.

मला आजोबांच्या जन्माच्या नोंदीची नक्कल हवी होती. घरात एवढीच आठवण, की 'मानमोडीच्या साली' ते आईच्या पोटात होते. मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. तालुक्याच्या कचेरीत गावची जन्ममृत्यूची वही, म्हणजे कोतवाल बुक, निघाले. लिपी मोडी, ती वाचणारे एक वृद्ध गृहस्थ सोबत घेतले. 'शेख' कोठेच सापडेना. अखेर पणजोबांच्या नावावरून शोधले, तेव्हा कळले की गावाने आम्हाला धंद्यावरून 'तांबोळी' लिहिले होते.

पणजोबांचा मृत्यू 1918 चा, कारण, 'ताप'. त्यानंतर तीन महिन्यांनी जन्माची नोंद, नुसती 'मुलगा'. बारसे होण्यापूर्वीच नोंद झालेली. तेच माझे आजोबा. त्यांनी बापाचे तोंड पाहिले नव्हते, हे मला त्या वहीने सांगितले.

आणि ज्या माउलीने त्यांना वाढवले, तिच्या मृत्यूच्या नोंदीत तिचे नाव नाही. 'अमक्याची बायको' एवढेच. शेवटी जमिनीच्या फेरफारात ती सापडली. वारस अज्ञान, म्हणून पालनकर्ती आई, आणि तेथे तिचे नाव. चार पिढ्यांत ते कोणाला ठाऊक नव्हते.

पालकहो, तेव्हा लोक अडाणी होते. आज आपल्याला सबब नाही. जन्ममृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा महाराष्ट्रात 1 एप्रिल 1970 पासून लागू आहे. 21 दिवसांत नोंद विनाशुल्क होते. मुलाचे नाव मागाहून 12 महिन्यांपर्यंत फुकट आणि त्यापुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येते. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून सर्वत्र हाच दाखला लागतो. तेव्हा दाखल्यावर, शाळेत आणि शिधापत्रिकेवर नाव एकाच पद्धतीने लिहा. कोठे 'शेख' आधी, कोठे शेवटी, असे नको.

विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांजवळ बसा. आजीचे, पणजीचे नाव विचारा आणि वहीत लिहून ठेवा. सांगणारे आहेत तोवर विचारा.

खुदा हाफिज.