आधी वाचा, मग कामाला निघा



पुण्या-नाशिकच्या मजूर अड्ड्यावर सकाळी काय दिसते? कुणी थापी घेऊन उभा, कुणी घमेले घेऊन. मुकादम येतो, चार माणसे नेतो. बाकीची ऊन चढेपर्यंत थांबतात आणि परत फिरतात. गाडीभाडे मात्र गेलेच! गावात काम नसते असे नाही. पलीकडच्या गल्लीत घरमालक गवंडीच शोधत असतो. पण दोघांची गाठ पडत नाही.

ही गाठ फोनवर घालता येते. फोनमधल्या अशा सोयीला अ‍ॅप म्हणतात. बंगळुरूत २००७ साली ‘बाबाजॉब’ नावाची सेवा निघाली होती. स्वयंपाकीण, ड्रायव्हर, पहारेकरी यांना ती काम शोधून देई. साध्या फोनवरूनही तिचा उपयोग होई.

आपल्या तालुक्यासाठी असे अ‍ॅप करायचे, तर ते कसे असावे?

पहिली गोष्ट, त्याने जवळचे काम दाखवावे. दोन तासांच्या कामासाठी दहा कोस कोण जाईल?

दुसरी, ते मराठीत असावे. अक्षर मोठे असावे. ज्याला वाचता येत नाही, त्याला बोलून सांगावे.

तिसरी, घर सोडण्याआधी सगळे कळावे. काम काय, जागा कुठे, तास किती, तासाला रुपये किती, पैसे कोण देणार आणि केव्हा?

चौथी, काम मागणाऱ्याकडून पैसे घेऊ नयेत.

पाचवी सर्वांत मोठी. मालक मजुराबद्दल बरेवाईट लिहितो. तसे मजुरालाही मालकाबद्दल लिहिता यावे. ‘इथे मजुरी बुडाली’ एवढे वाचले, तर पुढचा माणूस फसणार नाही.

आता हिशेब बघा. समजा, तासाला ७० रुपये ठरले. सहा तास काम झाले. ४२० रुपये झाले. हातात ३५० पडले, तर फोन पुढे करा आणि विचारा, “बोली काय होती?” तोंडचा शब्द फिरतो. लिहिलेला शब्द साक्ष देतो. जादा तास राबवले तर दुप्पट दराने मजुरी द्यावी, असे २०१९ च्या वेतन संहितेतही लिहिले आहे.

एक सावधगिरी ठेवा. काम देतो म्हणून कुणी फोनवर आलेला गुप्त आकडा, म्हणजे ओटीपी, मागेल. तो सांगू नका. मजुरी घ्यायला ओटीपी लागत नाही.

तुम्ही अक्षर शिकलात. ते आता घामाच्या पैशाची राखण करू द्या. शेजाऱ्याला वाचता येत नसेल, तर त्यालाही वाचून दाखवा.