शाळा, संगणक आणि आपली जबाबदारी



आज शाळेबद्दल बोलायचे आहे, आणि शाळा सुधारण्याच्या कामी संगणक कसा लावता येईल याबद्दल. काहीजण म्हणतील, विहारात संगणकाचं काय काम? त्यांना आम्ही एक आठवण करून देतो. १२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलले, तेव्हा त्यांच्या हाती आकडे होते. प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सरकारला ऐकवले. नुसते गाऱ्हाणे सरकार कानाआड टाकते. आकड्याला मात्र उत्तर द्यावे लागते.

तशी माहिती मिळवायला त्या काळी सरकारी अहवाल धुंडाळावे लागत. आज प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक आहे. पट किती, शिक्षक किती, वर्गखोल्या, पाणी, मुलींचं स्वच्छतागृह, ही शाळेची माहिती मोबाईलवर कुणालाही पाहता येते. आपल्या राज्यात २०१५ साली 'सरल' प्रणाली आली, आणि २०२२-२३ पासून यू-डायसमध्ये एकेका विद्यार्थ्याची नोंद होऊ लागली. आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं लेकरू दुसऱ्या शाळेत बसलं की शाळेबाहेरच राहिलं, हे अशा नोंदीवरून शोधता येतं. पण ही माहिती भरायची कोणी? बहुतेक ठिकाणी शिक्षकांनीच, तीही वर्गावरचा वेळ मोडून. आणि भरलेली माहिती वर पाठवून विसरली, तर लेकरांच्या पदरात काय पडलं?

म्हणून ती आपण वाचली पाहिजे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू आहे. पाचवीपर्यंत साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक हवा, असे तो सांगतो. अनुदानित व सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा करणं हे त्याच समितीचं काम. मग आमच्या आयाबहिणींनी कोऱ्या कागदावर अंगठा का द्यावा? आधी आकडा विचारावा, मग सही करावी.

शिकवण्यातही यंत्राचा उपयोग आहेच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पण कोड उघडायला फोन लागतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा ज्या घरात एकच फोन आणि तोही बापाबरोबर कामावर, त्या घरातली पोरं मागे पडली. यंत्र शिक्षकाच्या हाताशी असावं, शिक्षकाच्या जागी नव्हे.

तेव्हा आमची विनंती तीन गोष्टींची. विहारात एक संगणक आणि अभ्यासाला शांत जागा असावी. कॉलेजातल्या मुलामुलींनी वस्तीच्या शाळेची माहिती दरवर्षी उतरवून इथल्या फळ्यावर लावावी. आणि समितीवरच्या आयांना सभेआधी ती वाचून दाखवावी. माहिती आणि प्रत्यक्ष यांत फरक दिसला, तर लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी.

यंदा पहिलीत गेलेलं आपलं एकही लेकरू गळता कामा नये. त्याचा हिशेब आपण पुढल्या वर्धापनदिनी इथेच मांडू. जयभीम!