कमाई, कागद आणि साहाय्य

(नभोवाणीवरील भाषण)

दारिद्र्य ओळखणे सोपे. त्याचे मोजमाप करणे अवघड. हैदराबादेतील काचीगुड्याच्या एखाद्या गल्लीत कोणाच्या घरी चूल जेमतेम पेटते, हे शेजाऱ्यांना अचूक ठाऊक असते. परंतु शासनाला शेजाऱ्यांच्या साक्षीवर कोठार उघडता येत नाही. त्याला आकडा लागतो आणि आकड्यासाठी सीमारेषा लागते.

तेलंगण राज्य २०१४ साली अस्तित्वात आले. त्यानंतर शिधापत्रिकेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात दीड लाख व शहरात दोन लाख रुपये ठरली. संयुक्त आंध्र प्रदेशात ती अनुक्रमे ६०,००० व ७५,००० रुपये होती. वाढ मोठी खरी. पण पुढील दहा वर्षांत महागाई चढत गेली आणि रेषा जागीच राहिली. मजुरी केवळ महागाईच्या पावलाने वाढली, तरी माणूस कागदावर ‘सधन’ ठरू लागतो.

समजा, एका पाच जणांच्या कुटुंबाची मासिक कमाई १६,६०० रुपये आहे. वर्षाचे १,९९,२०० झाले. कुटुंब पात्र ठरले. मालकाने शंभर रुपये वाढविले, तर बेरीज २,००,४०० होते. राज्यात २०२५ पासून पात्र व्यक्तीस दरमहा सहा किलो बारीक तांदूळ मिळतो. म्हणजे नियम काटेकोरपणे लावल्यास शंभर रुपयांच्या बढतीपायी तीस किलो तांदूळ गमवावा लागेल. अशा वेळी बढती नाकारणाऱ्यास आळशी म्हणावे, की हिशेबी?

दुसरी अडचण कमाईच्या स्वरूपाची. सरकारी नोकराचे वेतन कागदावर असते. गवंड्याचे पावसाळ्यात बुडते. रमजानच्या दिवसांत शिंप्याच्या यंत्राला उसंत नसते; पुढे ते धूळ खाते. एका भरल्या महिन्याला बाराने गुणणे, म्हणजे सुगीच्या दिवसावरून दुष्काळ नाकारणे होय. भाजीवाल्याच्या गल्ल्यात सायंकाळी दोन हजार रुपये दिसतात. पण त्यांतून पहाटेच्या खरेदीचे, हातगाडीचे आणि सडलेल्या मालाचे पैसे वजा जावयाचे असतात. उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे. ‘मीसेवा’ केंद्रात अर्ज करून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मिळतो. परंतु त्यावरील एका आकड्यात हे चढउतार मावत नाहीत.

महाराष्ट्रातही निराळे नाही. तेथील संजय गांधी निराधार योजनेची सर्वसाधारण उत्पन्नमर्यादा दीर्घकाळ वार्षिक २१,००० रुपये राहिली. दिवसाला हिशेब केला, तर ती सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये पडते. एवढ्या कमाईत पोट भरणे अशक्य. तेव्हा खरे सांगणारा अपात्र आणि लपविणारा पात्र, असा विपरीत न्याय उद्भवतो.

यावर अन्यत्र उपाय योजिलेले आहेत. अमेरिकेत निर्धन वृद्ध व अपंगांसाठी १९७४ पासून चालू असलेल्या साहाय्यात महिन्याच्या कष्टार्जित मिळकतीतील पहिले ६५ डॉलर मोजीत नाहीत. उरलेल्यातीलही अर्धेच मोजतात. त्यामुळे कमाई वाढली की साहाय्य एकदम तुटत नाही, हळूहळू उतरते. कड्याऐवजी जिना बांधला, एवढाच त्याचा अर्थ. मात्र याचीही दुसरी बाजू आहे. इंग्लंडातील बर्कशायर परगण्यात १७९५ साली भाकरीच्या भावानुसार मजुरीला पूरक रक्कम देण्याची पद्धत स्वीकारली गेली. तूट सार्वजनिक निधीतून भरून निघते, म्हणून मालक मजुरी कमीच ठेवतात, असा आक्षेप तिच्यावर पुढे आला. साहाय्य हे वाजवी मजुरीच्या जागी येऊ नये, हा त्यातील बोध.

तेलंगणातच एक मार्ग दिसतो. २०१४ साली सुरू झालेल्या ‘आसरा’ निवृत्तिवेतनाचा लाभ पुढे बिडी कामगारांनाही देण्यात आला. कष्ट करणारे हातही गरजू असू शकतात, हे येथे मान्य झाले. हेच तत्त्व उत्पन्नाच्या मोजणीत आणता येईल: कमाईचा काही भाग मोजू नये, धंद्याचा खर्च वजा करावा, वर्षाची सरासरी धरावी आणि मर्यादा महागाईशी जोडावी.

खोटे अर्ज येतील, त्यांची तपासणी अवश्य व्हावी. परंतु जी व्यवस्था प्रामाणिक माणसाला कमाई लपवावयास शिकविते, ती तांदळाबरोबर त्याचा स्वाभिमानही तोलून घेते. आधार असा असावा की, त्याला धरून उठणाऱ्याचा हात पहिल्याच पायरीवर सुटू नये.