फॉरमॅट मारायच्या आधी यूएसबी काढा

मागच्या आठवड्यात मामाचा फोन आला. दुकानातला पीसी सुरू होईना. काळ्या स्क्रीनवर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस', आणि रिपेअरवाला म्हणतोय, फॉरमॅट मारावा लागेल. आत चार वर्षांची उधारी! म्हटलं, "मामा, थांब. आधी प्रिंटर, हब, पेनड्राइव्ह, यूएसबीला लावलेलं सगळं काढ. फक्त कीबोर्ड ठेव." पाच मिनिटांत विंडोज आली.

असं का होतं? विंडोजच्या आधी बायोस जागं होतं. ते लावलेली उपकरणं तपासतं आणि बूट ऑर्डरप्रमाणे सिस्टिम शोधतं. यादीत यूएसबी सगळ्यात वर असेल, तर नुसत्या फोटोंच्या पेनड्राइव्हवरही काही मशीन अडून बसतात. कधी कार्ड रीडर किंवा बिघडलेला हबसुद्धा.

मग पीसी बंद करून एकेक वस्तू परत लावायची आणि चालू करून बघायचं. जिथे अडलं, तो चोर. मामाकडे पेनड्राइव्ह निघाला. एफ-टू किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जा (बटण कंपनीप्रमाणे बदलतं, वैताग आहे खरा!) आणि 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या नंबरवर आणा.

'ओव्हर करंट' असा मेसेज आला तर गोष्ट वेगळी. यूएसबी 2.0 पोर्ट साधारण 500 मिलिअँपिअर देतं. वस्तू शॉर्ट असेल किंवा पोर्टातली पिन वाकून चिकटली असेल, तर मशीन स्वतःच बंद होतं. टॉर्च मारून पोर्टात बघा.

सगळं काढूनही अडलं, तर डिस्कवर संशय. तेव्हाही आधी डेटा दुसऱ्या पीसीवर घ्यायला सांगा. फॉरमॅट नंतर.