स्वीडनला जायचं, पण कधी?

(१९८३ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही ठरवून दिला आहे, 'आपल्या बॅचची स्वीडनची सहल'. गेले कित्येक महिने ग्रुपवर हा विषय चालू आहे. निरोप शेकड्यांनी आले, पण त्यातले निम्मे 'सुप्रभात'चे होते. म्हणून म्हटलं, आता समोरासमोरच बोलू.

मी वेस्तेरोसला राहते हे तुम्हाला माहीत आहे. स्टॉकहोमपासून रेल्वेने तासाभराचं अंतर. नवऱ्याची चिंचवडच्या एका स्वीडिश कंपनीतून तिकडे बदली झाली, दोन वर्षांसाठी म्हणून गेलो आणि पंचवीसहून जास्त वर्षं झाली. मी तिथल्या बालवाडीत शिकवते. पर्यटनातलं मला काही कळत नाही, पण माणूस तिथे कधी आणि कसा रमतो ते कळतं, आणि तेवढंच सांगणार आहे.

ग्रुपवर जो कागद फिरतोय तो मी नीट वाचला. नऊ दिवसांत चार देश, रोज सकाळी सातला बस, जेवण भारतीय. त्यात गैर काही नाही. पण त्या नऊ दिवसांत स्वीडनच्या वाट्याला येतात दीड दिवस, तेही स्टॉकहोममध्ये. आता बघा, स्वीडन क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट, उत्तर-दक्षिण लांबी पंधराशे किलोमीटरच्या वर, आणि लोकसंख्या सुमारे एक कोटी पाच लाख, म्हणजे मुंबईपेक्षा कमी. देशाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल. अशा देशात बसच्या खिडकीतून झाडं दिसतात, मग आणखी झाडं दिसतात. तासाभराने सगळे झोपतात. स्वीडनची खरी संपत्ती म्हणजे मोकळी जागा आणि शांतता, आणि ती खाली उतरून, एका जागी चार दिवस राहिल्याशिवाय हाताला लागत नाही.

तिथे एक हक्क आहे, अल्लेमान्सरेत्तेन. सर्वांचा हक्क असा त्याचा अर्थ. जंगल कुणाच्याही मालकीचं असो, तुम्ही त्यातून चालू शकता, एखादी रात्र तंबू ठोकू शकता, जंगलातली फळं आणि अळंबी गोळा करू शकता. १९९४ पासून राज्यघटनेतही त्याचा उल्लेख आहे. अट इतकीच की कुणाच्या घराजवळ जायचं नाही, उभं पीक तुडवायचं नाही, कचरा ठेवायचा नाही, काही मोडायचं नाही. आमच्या बालवाडीत तीन वर्षांच्या पोरांना हे आधी शिकवतात, अक्षरं नंतर. पाऊस असो की बर्फ, मुलं रोज बाहेर असतात. तान्ही बाळं हिवाळ्यातही दुपारी बाबागाडीत, बाहेर झोपतात. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा हे बघून त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता.

म्हणून माझा बेत असा. एकूण अकरा-बारा दिवस. त्यातले तीन स्टॉकहोमला. तिथे वासा जहाज बघायचंच. १० ऑगस्ट १६२८ ला राजाचं हे दिमाखदार युद्धनौकेचं लाकडी धूड पहिल्याच सफरीला निघालं आणि दीड किलोमीटरही न जाता बंदरातच बुडालं. ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये, ते वर काढलं. इतकं अपयश इतक्या कौतुकाने जपणारे लोक मला आवडतात. शेजारीच स्कान्सेन आहे, १८९१ मध्ये सुरू झालेलं उघड्यावरचं संग्रहालय, देशभरातली जुनी घरं उचलून तिथे मांडली आहेत. आणि एक दिवस बोटीने बेटांवर. बाकी दुकानं-बिकानं ज्याची त्याने बघावी.

मग दालार्ना. स्टॉकहोमहून रेल्वेने साधारण तीन तास, सिलयान सरोवराच्या काठी. तिथे आठवड्याच्या बोलीवर लाकडी घरं भाड्याने मिळतात, स्वयंपाकघरासकट. चार-पाच घरं शेजारी शेजारी घेऊ. सर, तुम्हाला हे खास सांगते. तुम्ही आम्हाला लोणार शिकवलंत. सिलयानही उल्काघातातूनच झालं, सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी. लोणारचा व्यास पावणेदोन-दोन किलोमीटर, तर सिलयानच्या खळग्याचा पन्नासहून जास्त! युरोपातला तो सर्वांत मोठा उल्काघात मानतात. उभं राहिलं तर काहीच जाणवत नाही. निळं पाणी, गवताळ उतार, लाल घरं.

तो लाल रंगही तिथलाच, जवळच्या फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीपासून केलेला. या खाणीची एक हकिकत सांगते. १६८७ च्या जूनमध्ये तिचा मोठा भाग कोसळला. एरवी शेकडो माणसं आत असती, पण त्या दिवशी मिडसॉमरची सुट्टी होती. एकही माणूस दगावला नाही. आज तो प्रचंड खड्डा जागतिक वारसा आहे आणि आत खाली उतरून बघता येतं. पायऱ्या पुष्कळ आहेत, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी वर बसून कॉफी प्यावी.

याच फालूनमध्ये राहून सेल्मा लागरलोफ यांनी मुलांसाठी भूगोलाचं पुस्तक लिहिलं. त्या स्वतः दहा वर्षं शाळेत शिक्षिका होत्या. शिक्षकांच्या संघटनेने त्यांना सांगितलं, मुलांना आपला देश कळेल असं वाचनाचं पुस्तक लिहा. त्यांनी काय केलं, तर निल्स नावाच्या एका खोडकर पोराला अंगठ्याएवढा केला, हंसाच्या पाठीवर बसवला आणि अख्ख्या स्वीडनवरून उडवला. १९०६-०७ मध्ये पुस्तक आलं, १९०९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, साहित्यातलं नोबेल मिळवणारी पहिली स्त्री. सरांच्या रंगीत खडूच्या नकाशांना मी त्याच जातीचं मानते.

आता मुख्य गोष्ट, तारखा. ग्रुपवर सगळ्यांनी मिडसॉमर धरून ठेवलाय, कारण फोटो तिथलेच आहेत. मिडसॉमरची संध्या १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी येते, २०२७ मध्ये ती २५ जूनला आहे. पानाफुलांनी सजवलेला खांब उभारतात, मोठी माणसं बेडकासारख्या उड्या मारत भोवती नाचतात, नवे बटाटे, शेपू, मुरवलेला हेरिंग मासा, स्ट्रॉबेरी. रात्र होतच नाही. सुंदर असतं यात शंका नाही.

पण जून म्हणजे आपल्याकडे पेरणी. आपल्यातले सात जण शेती करतात. तिघी अजून शाळेत शिकवतात, त्यांची शाळा जूनच्या मध्याला उघडते. त्या सात जणांपैकी एकाने मला खासगीत लिहिलं, 'तुम्ही जाऊन या, फोटो पाठवा.' एकीने लिहिलं, 'माझं काही जमायचं नाही, तुम्ही मजा करा.' हे दोन निरोप मला रात्रभर छळत होते. आपण निवृत्त झाल्यावर जाऊ, मुलीचं लग्न झाल्यावर जाऊ, असं म्हणत दोनदा हा बेत पुढे ढकलला, आणि मधल्या काळात आपल्यातले दोघं गेले. आता निघायचं तर ज्यांना यायचंय ते सगळे येतील अशीच तारीख हवी.

मी ऑगस्टचा शेवटचा पंधरवडा सुचवते. पेरणी, कोळपणी उरकलेली असते आणि गणपतीच्या आत घरी. शिक्षिकांनी रजेचं आत्तापासून बोलून ठेवावं, दहा दिवस मिळतील. तिकडे स्वीडिश शाळा तोवर सुरू झालेल्या असतात, त्यामुळे घरं सहज मिळतात आणि भाडी उतरतात. डास बरेच कमी झालेले. दिवसा पंधरा ते वीस अंश, म्हणजे महाबळेश्वरची हवा. सूर्य रात्री आठच्या सुमारास मावळतो आणि मग खरीखुरी काळोखी रात्र, चांदण्यांनी भरलेली. जंगलात लिंगोन नावाची लाल आंबट फळं पिकलेली असतात. आपल्या करवंदांना गेल्यासारखं डबे घेऊन जायचं. अळंबी मात्र मी दाखवीन तीच उचलायची, हे आत्ताच बजावते. क्रेफिशच्या मेजवान्याही ऑगस्टमध्येच होतात, शेपू घालून उकडलेले, थंडच खातात, डोक्यावर कागदी टोप्या आणि वर कंदील. आपल्या खेकडा खाणाऱ्या मंडळींना दुसरं काही लागणार नाही.

ज्यांचे पाय अजून धड आहेत त्यांनी शेवटी रात्रीच्या गाडीने उत्तरेला आबिस्कोला जावं. स्टॉकहोमला संध्याकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी ध्रुववृत्ताच्या पलीकडे. ऑगस्टच्या अखेरीस तिथले डोंगर पिवळे-तांबडे व्हायला लागतात. नशीब असेल तर उत्तरप्रकाशही. तो मी कुणाला कबूल करत नाही, ढगांवर माझी सत्ता नाही.

काही कामाच्या गोष्टी. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे फेब्रुवारीत लागायचं. निदान तीस हजार युरोचा आरोग्यविमा लागतो. रोख पैसे पुष्कळ ठिकाणी घेतच नाहीत, कार्ड हवं. नळाचं पाणी बिनधास्त प्यावं. घरात चपला-बूट बाहेर काढतात, हे आपल्यासारखंच. वेळ मात्र त्यांची. सातला बोलावलं म्हणजे सात. बसमध्ये हळू बोलायचं. आपण वीस-बावीस जण एका डब्यात चढलो तर काय होईल याची मला धास्तीच आहे. आणि कंदी पेढे आणू नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून नेता येत नाहीत, विमानतळावरच जातील. मेतकूट, गोडा मसाला, पोहे खुशाल आणा. वेलदोडे आणायची गरज नाही. स्वीडिश लोक पावात, बनमध्ये इतका वेलदोडा घालतात की दुपारच्या फीकेला, म्हणजे कॉफी-खाण्याच्या सुट्टीला, बेकरीत शिरलात तर श्रीखंडाची आठवण येईल.

राहिला पैसा. स्वीडन महाग आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. विमानाचं तिकीट टळत नाही. पण घरं वाटून घेतली आणि स्वयंपाक आळीपाळीने केला तर बाकीचा खर्च त्या नऊ दिवसांच्या कागदापेक्षा खाली आणता येईल. पुरुषांनाही पाळी लागेल, तिथे तसंच चालतं. आमच्या घरी सहा जण झोपू शकतात. कुणाला झेपत नसेल तर मला एकटीला सांगा, चारचौघांत नको. मार्ग काढू. शाळेच्या वाचनालयासाठी जमवलेल्या निधीला मात्र कुणी हात लावायचा नाही, ते बाईंना दिलेलं वचन आहे.

आज हात वर करायला सांगणार नाही. हात वर होतात आणि चहा झाला की खाली येतात. दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. त्यात नाव, पासपोर्ट आहे की नाही, असला तर त्याची मुदत, आणि जून की ऑगस्ट, एवढं लिहा. परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू हवा. ज्यांनी 'फोटो पाठवा' म्हणून लिहिलं, त्या दोघांची नावं मी आधीच घातली आहेत, पहिल्या दोन ओळींत, ऑगस्टच्या रकान्यात. खोडायची असतील तर माझ्यासमोर खोडा.

आता बाई बोलणार आहेत. मी खाली बसते.